काय दिसलं ते सांगा

आमच्या मारुतीआप्पांच्या दुर्बिणीतून शनी बघायला तिकीट नाही, परीक्षा आहे. डोळा लावून माणूस 'दिसलं, दिसलं' म्हणत बाजूला होऊ लागला की आप्पा त्याचा दंड धरतात. "दिसलं म्हणू नका. काय दिसलं ते सांगा." माणूस गडबडतो. खरं म्हणजे निम्म्या लोकांना काहीच दिसलेलं नसतं. पृथ्वी फिरत असते, त्यामुळे शनी मिनिटभरात नळीच्या टप्प्यातून सरकून जातो, आणि मागे तर रांग लागलेली. आपल्याला सवय देवळातल्या रांगेची. पुढच्यानं हात जोडले की आपणही जोडायचे आणि पुढे व्हायचं.

मलाही त्यांनी सोडलेलं नाही. एकदा घाईघाईत मी 'वा' म्हणालो. आप्पांनी विचारलं, शनीचं कडं कुठल्या अंगाला कलतंय. मी ठोकून दिलं, उजवीकडे. "शनी जाऊन दोन मिनिटं झाली," असं म्हणून त्यांनी मला रांगेच्या शेवटी धाडलं. दुर्बीण माझ्याच व्हॅनमधून आली होती, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

रांजणगावच्या एका कारखान्यात आम्ही दोघं तपासणीच्या टेबलावर होतो. ते मुख्य, मी त्यांच्या हाताखाली. "बघितल्याबिगर ओके न्हाई" हे त्यांचं ब्रीदवाक्य, जेवणाच्या डब्यापर्यंत. निवृत्त झाल्यावर बाकीच्यांनी घरावर मजले चढवले, आप्पांनी दुर्बीण आणली. पुरुषभर उंच जाड नळी, खाली गोल फिरणारी लाकडी बैठक. ती उतरवली त्या दिवशी कारेगावातले दोघे-तिघे विचारून गेले, बोअर कुठं घेताय म्हणून.

तेव्हापासून आम्ही गावोगाव जातो. शाळा, वसतिगृहं, कुणाच्या शेतातलं खळं. शिक्रापूरला एकदाच गेलो. तिथं ट्रकांच्या उजेडात चंद्रसुद्धा बिचकतो.

सुरुवातीला आप्पांच्या मंडळी, पारूकाकी, बरोबर असायच्या. आप्पा दुर्बीण लावायचे आणि पहिला मान काकींचा. "उजवा डोळा लाव, डावा मीट," आप्पा सांगायचे. काकी पदर सावरून वाकायच्या, भरपूर वेळ बघायच्या आणि बायकांकडे वळून म्हणायच्या, "चुंबळीवर घागर ठेवल्यावानी दिसतोया." इतकं चपखल वर्णन मी पुस्तकातही वाचलेलं नाही. शनीला घाबरून मागे राहिलेल्या बायकांना त्याच पुढे ओढायच्या. हा तर आमच्याकडं रोज येतोया, म्हणायच्या, अजून कुणाचं वाकडं केलं न्हाई. त्या वेळी आप्पा कुणाची परीक्षा घेत नसत. कुणी नुसतं 'दिसलं' म्हटलं तरी पेढे वाटल्यासारखा चेहरा करायचे.

तीन वर्षांपूर्वी काकी गेल्या. महिन्याभरानं आप्पांनी दुर्बीण पुन्हा बाहेर काढली, पण माणूस बदललेला. एका गावात उद्घाटनाला मोठे पाहुणे आले, डोळा लावून 'अप्रतिम' म्हणाले. आप्पांनी शांतपणे नळीच्या तोंडावरचं झाकण काढून त्यांच्या हातात दिलं. त्या गावानं आम्हाला पुन्हा बोलावलं नाही. सांगून बघितलं, आप्पा, लोक आपलं मन राखायला 'दिसलं' म्हणतात. ते एवढंच म्हणाले, "तेच नगं."

आणखी एक खोड लागली. दुर्बीण लावून झाली की मिनिटभर ते कुणालाच जवळ येऊ देत नाहीत. स्वतःही बघत नाहीत. हात मागे बांधून बाजूला उभे राहतात, शनी सरकून जाऊ देतात आणि मग रांगेसाठी पुन्हा नव्यानं लावतात. रांग कुरकुरते. म्हातारपण, दुसरं काय, असं मीही मनात म्हणायचो.

परवा राहूला गेलो होतो. राहू म्हणजे आप्पांची सासुरवाडी. काकी गेल्यापासून ते तिकडे फिरकले नव्हते. शाळेच्या मैदानावर दिवेलागणीनंतर रांग लागली. सगळे 'दिसलं' म्हणत होते आणि आप्पा एकेकाला धरत होते. मग एक म्हातारी आली. वाकली, बराच वेळ थांबली आणि सरळ झाली.

"मला न्हाई दिसलं काय," ती म्हणाली. "काळं हाय समदं."

मागून कुणीतरी म्हणालं, दिसलं म्हण आन् सर म्हातारे. आप्पांनी रांगेला हातानंच थांबवलं. शनी पुन्हा मधोमध आणला आणि म्हातारीला हळू आवाजात विचारलं, "मावशे, कुठला डोळा लावला?" उजवा, ती म्हणाली. "आता डावा लावून बघा."

ती पुन्हा वाकली. मग तशीच वाकून राहिली.

"हाय," ती म्हणाली. "बारकं हाय, पर हाय."

आप्पांनी तिला काय दिसलं ते विचारलं नाही. चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसत राहिले.

परत येताना व्हॅनमध्ये ते आपणहून बोलले. काकी गेल्यावर त्यांच्या ट्रंकेत डोळ्यांच्या शिबिराचा कागद सापडला होता. दुर्बीण घरी यायच्या दोन वर्षं आधीचा. उजव्या डोळ्याची नजर पूर्ण गेलेली, डावा चांगला.

"आन् मी रोज तिला उजवाच लावाय सांगितला," आप्पा म्हणाले. "लोकांचं ऐकून ऐकून ती मला चुंबळ सांगायची. माझं त्वांड उतरू नये म्हणून. आयुष्यभर कारखान्याच्या मालात खोट काढली रं मी. घरच्या माणसाचा डोळा गेलेला मला दिसला न्हाई."

मी गाडी चालवत राहिलो. कारेगावचे दिवे दिसू लागले तेव्हा मी विचारलं, मग ते पहिलं मिनिट?

"तिचं हाय," आप्पा म्हणाले. "आता डावा लाव म्हणतो."

त्या मिनिटाला मी मनात म्हातारपण म्हणालो होतो. त्याची लाज वाटली, अजून वाटते.

काल शिरूरच्या एका शाळेत कार्यक्रम होता. आप्पांनी दुर्बीण लावली आणि हात मागे बांधून बाजूला झाले. रांगेतला पहिला माणूस पुढे सरकला. इथं तर कुणीच न्हाई, मग थांबायचं कशाला, म्हणाला. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"जरा दम धरा," मी म्हणालो. "काकी बघतायत."