पुढे ठेवलेले गुरुजी

खरवईतल्या नव्या फ्लॅटच्या दारात कैलासने सगळ्यांना थांबवलं. गृहप्रवेशाचा मुहूर्त डोक्यावर आलेला, बायको भारती कलश घेऊन ताटकळलेली आणि ह्याला मात्र शब्दाचा अर्थ सांगायचा होता!

"पुरोहित म्हणजे काय, आहे का ठाऊक कोणाला?"

"पुराचं, म्हंजे गावाचं हित बघतो तो पुरोहित!" वांगणीहून आलेले सासरे आण्णा म्हणाले. "त्यात काय इचारायचं?"

"साफ चूक, आण्णा! पुरस् म्हणजे पुढे, हित म्हणजे ठेवलेला. पुढे ठेवलेला तो पुरोहित! म्हणून आज घरात पहिले जाणार साईनाथ गुरुजी."

"अहो, आधी जोडप्याने जायचं असतं," गुरुजी पुटपुटले.

"छे छे! अर्थ म्हणजे अर्थ!" कैलासने पूजेचं ताट त्यांच्या हातात कोंबलं आणि त्यांना जवळजवळ आत ढकललंच.

गुरुजी आत पोचतात न पोचतात तोच खिडकीतून वारा घुसला आणि धाडकन दार बंद!

"चावी दे," कैलास म्हणाला.

"चावी ताटात आहे! हळदकुंकू वाहायला ठेवली होती!" भारती किंचाळली. "आतून चावी चालत नाही, आणि आतली मूठ सदू सुतार उद्या बसवणार आहे!"

कैलासने दार ढकलून पाहिलं.

"पुढं ठेवलात ना, जावयबापू?" आण्णा म्हणाले. "आता काढा भायेर!"

"गुरुजी, खिडकीतून चावी टाका!" असं ओरडत कैलास तीन मजले उतरला. मागोमाग सगळे पाहुणे. वरून चावी सुटली. कैलासने उपरणं पसरलं ते इकडे, चावी गेली तिकडे, थेट शेजारच्या बांधकामाच्या वाळूत! पैठण्या, सफारी, जरीचे परकर, सगळे गुडघे टेकून वाळू उपसायला लागले. शेवटी आण्णांच्या बोटाला चावी लागली.

धापा टाकत वर येतात तर दाराबाहेर करपलेल्या दुधाचा वास!

"दूध तर मी सकाळी तयारी करताना गॅसवर नुसतं ठेवलं होतं," भारतीचा आवाज चिरकला. "पेटवलं कोणी?"

कैलासने दार उघडलं. आत देवाची तसबीर मांडलेली, दिवा लागलेला, दूध उतू गेलेलं आणि यजमानाच्या पाटावर साईनाथ गुरुजी ऐसपैस बसलेले!

"मुहूर्त टळत होता, उरकून घेतलं सगळं," ते प्रसन्नपणे म्हणाले. "या ना, दारात का उभे? घर आपलंच समजा!"