लाइनवर खरखर

बापटकाकांची आणि माझी पहिली भेट कोथरूडच्या आमच्या सोसायटीच्या जिन्यात झाली. "नमस्कार, मी तिसऱ्या मजल्यावर नवीन आलोय," एवढंच मी म्हणालो, तर त्यांनी डोळे मिटले आणि म्हणाले, "पुन्हा बोला."

मी पुन्हा बोललो.

"आवाज मोठा. खालची पट्टी जाड. थोडी सर्दी आहे, पण लाइनवर खरखर नाही. कुठलं एक्स्चेंज?"

"अमरावती."

"वाटलंच," असं म्हणून ते दुसऱ्या मजल्यावरच्या आपल्या घरात गेले आणि त्यांनी दार लावून घेतलं. पुण्यात येऊन मला महिना झाला होता, पण माझी इतकी आस्थेने चौकशी तोवर कुणी केली नव्हती.

काकांची सगळी नोकरी टेलिफोन खात्यात, लाइन तपासण्याच्या टेबलावर गेली. कानाला रिसीव्हर लावायचा, पलीकडचा आवाज ऐकायचा आणि कुठे काय बिघडलंय ते सांगायचं. पुढे नवीन इलेक्ट्रॉनिक यंत्रं आली. ती आपली आपणच तपासायला लागली, तेव्हा काका मुदतीआधीच निवृत्त होऊन घरी आले. कान मात्र निवृत्त झाले नाहीत. सोसायटीच्या सभेत चेअरमनसाहेब पाणीपट्टीवर बोलायला उभे राहिले की काका मागून शांतपणे म्हणत, "लाइनवर खरखर आहे. सिगारेट कमी करा." मोबाइलचं तर नावच काढायची सोय नव्हती. "दोन माणसं एकमेकांना नुसतं 'ऐकू येतंय का, ऐकू येतंय का' विचारतात, आणि त्याला म्हणे संभाषण."

मी हिंजवडीला सॉफ्टवेअर तपासतो हे कळल्यावर त्यांना माझ्याविषयी जवळीक वाटू लागली. "म्हणजे तुम्हीही टेस्टर, मीही टेस्टर," ते म्हणाले. "फरक इतकाच, तुम्ही चुका शोधता. आम्ही माणूस शोधायचो." संध्याकाळी कंपनीच्या बसमधून उतरून मी जिना चढू लागलो की त्यांच्याकडे चहा ठरलेला. काकू दोन वर्षांपूर्वी गेलेल्या, मूलबाळ नाही. घरात काका आणि त्यांचा कुत्रा, अर्जंट.

हे नावही खात्यातलंच. पूर्वी परगावी फोन लावायचे तीन प्रकार असत: ऑर्डिनरी, अर्जंट आणि लाइटनिंग. सोसायटीच्या मीटरच्या खोलीत सापडलेलं हे तांबूस गावठी पिल्लू ऑर्डिनरी म्हणण्याइतकं शांत नव्हतं आणि लाइटनिंग म्हणण्याइतकं चपळही नव्हतं. काका गॅलरीतून "अर्जंट! अर्जंट!" अशी हाक मारायचे. एकदा खालून जाणारा गॅसवाला खांद्यावर सिलिंडर घेऊन दोन मजले धावत वर आला. त्याला चहा मिळाला, वर "दमाची लाइन आहे, जपा" असा सल्लाही मिळाला.

अर्जंट माणसागणिक वेगळा भुंकायचा. पोस्टमनला दोन तोकडे, चेअरमनसाहेबांना एक लांबलचक गुरगुर, मला एक लांब आणि दोन तोकडे. काका दार न उघडताच आधण ठेवत.

एका रविवारी टेकडीवर कुणीतरी दाणे खाऊन टाकलेलं मक्याचं कणीस अर्जंटने गिळलं आणि ते पोटात अडकलं. ऑपरेशन करायचं ठरलं. पहिला रिक्षावाला कुत्रा पाहूनच मान हलवायला लागला.

"अर्जंट आहे हो," काका म्हणाले.

"सगळ्यांचंच अर्जंट असतं."

"तसं नाही, नाव आहे त्याचं."

हे ऐकून रिक्षावाला इतका गोंधळला की त्याने मीटर टाकला.

ऑपरेशन उत्तम झालं. कणीस निघालं, टाके पडले, अर्जंट घरी आला. दुसऱ्या दिवशी दारावरची बेल वाजली, अर्जंटने तोंड उघडलं आणि आतून तेल न घातलेल्या बिजागरीचा आवाज आला. कोण बोललं ते पाहायला अर्जंटने स्वतःच मागे वळून पाहिलं. तिसऱ्या दिवशी नुसतं तोंड उघडायचं, आवाज नाहीच. चौथ्या दिवशी जो आवाज फुटला तो इतका घोगरा होता की वॉचमन म्हणाला, चेअरमनसाहेबच वर गेलेत की काय. अख्खा जिना हसला. मीही हसलो.

काका मात्र अर्जंटला घेऊन ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. सोबतीला मी होतो. बाईंनी समजावून सांगितलं की भूल देताना घशात नळी घालावी लागते, त्याने सूज येते, काळजीचं कारण नाही. "चार-आठ दिवसांत येईल आवाज," त्या म्हणाल्या. हे शब्द ऐकताच काका उठले आणि अर्जंटला उचलून चपला न घालताच रस्त्यावर आले. चपला मी हातात घेऊन मागे धावलो.

त्यानंतर काकांच्या दारावर एक चिठ्ठी लागली: "बेल बंद ठेवली आहे. दार हळू वाजवावे. कुत्र्यास बोलावयास लावू नये." सोसायटीची आठवडाभर करमणूक झाली. पण मला दुसरीच गोष्ट खटकत होती. चेअरमनसाहेब जिन्यात खोकले तरी काका गप्प. पेपरवाल्याचा घसा बसला होता, त्यालाही काही नाही. 'खरखर' हा शब्दच त्यांच्या तोंडून गेला होता. आणि अर्जंटही भुंकेनासा झाला होता. मी आलो की शेपटी हलवायचा, तोंड मात्र मिटलेलं. जेवत होता, टाकेही भरत आले होते, फक्त बोलत नव्हता.

एका संध्याकाळी मी चहा घेत बसलो होतो. खाली पोस्टमनची सायकल वाजली आणि अर्जंटच्या तोंडून न राहवून एक फाटका आवाज निघाला. वातावरण हलकं करावं म्हणून मी काकांच्याच थाटात डोळे मिटले आणि म्हणालो, "काका, लाइनवर खरखर आहे."

काकांनी कप खाली ठेवला.

"त्याच्यासमोर असं म्हणू नका, देशमुख."

मग त्यांनी भिंतीवरच्या काकूंच्या फोटोकडे बघत सांगितलं. काकू परगावचे फोन जोडून देणाऱ्या ट्रंक बोर्डावर ऑपरेटर होत्या. काकांनी त्यांना पाहिलं त्याआधी दोन वर्षं नुसतं ऐकलं होतं. इतका स्वच्छ आवाज सबंध एक्स्चेंजमध्ये नव्हता. पुढे उतारवयात त्यांचं थायरॉइडचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, चार-आठ दिवसांत येईल आवाज.

"घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी हिने विचारलं, चहा घेणार का? आवाज चिरकला. मी आपला सवयीने म्हणालो, लाइनवर खरखर आहे हो. हसलो. तीही हसली." काकांनी कप बशीत फिरवला. "नंतर आवाज काही सुधारला नाही. पाच वर्षं होती ती. माझ्याशी कामापुरतं बोलायची, बाकी पाटीवर लिहायची. खाली भाजीवाल्याशी मात्र त्याच आवाजात घासाघीस करायची. मी गॅलरीत उभा राहून ऐकायचो."

मला स्वतःची लाज वाटली.

"नुसतं 'स्पष्ट ऐकू येतंय' म्हटलं असतं ना, तरी पुरलं असतं," काका म्हणाले आणि कप विसळायला आत गेले.

मी अर्जंटजवळ जाऊन बसलो आणि त्याच्या कानामागे खाजवत राहिलो. कुत्र्याची माफी कशी मागतात ते मला माहीत नव्हतं.

आठ दिवस झाले, पंधरा झाले, टाके निघाले. आवाज परत यायचा तेवढा आला आणि तिथेच थांबला. वर चिरका, खाली घोगरा, मध्ये काहीच नाही. आता असाच राहणार, हे काकांच्या कानाला डॉक्टरीणबाईंच्या आधी कळलं असणार.

मग एका संध्याकाळी मी जिना चढत असताना आतून आवाज आला. एक लांब, दोन तोकडे. तिन्ही फाटलेले, पण माझेच.

मी आनंदाने पुढे होणार एवढ्यात काकांचा आवाज ऐकू आला. टेबलावर बसून परगावच्या माणसाशी बोलावं तसा, खणखणीत.

"हं, बोल. स्पष्ट ऐकू येतंय."

अर्जंट पुन्हा भुंकला.

"स्पष्ट ऐकू येतंय. बोल ना, बोल."

आणि अर्जंट बोलतच राहिला. महिनाभराचं साठलं होतं त्याचं. त्यांचं होईपर्यंत मी पायरीवरच थांबलो.

आत गेलो तेव्हा चहा ओतून तयार होता. काकांनी बशी माझ्यापुढे सरकवली आणि खिडकीबाहेर बघत विचारलं, "कसा वाटतो याचा आवाज?"

मी टेस्टर. मला पगार मिळतो तोच चुका सांगण्याचा.

"एकदम क्लिअर," मी म्हणालो.

माझ्या आवाजातली खरखर त्या कानांना कळली नसेल असं होणारच नाही. पण काकांनी नुसते डोळे मिटून घेतले आणि बराच वेळ उघडले नाहीत.