कोंबड्यांची कावीळ

टेंभुर्णीच्या दुर्गाबाईंच्या बचत गटाने शनिवारी गावरान कोंबड्या साफ केल्या, जाळावर भाजल्या आणि रीतीप्रमाणे हळद चोळून जालन्याच्या तपासणी केंद्रात आणल्या. रविवार हा आखाडाचा शेवटचा दिवस. सोमवारी श्रावण लागला की सगळं गिऱ्हाईक एकदम सज्जन होणार आणि गटाची मेहनत मातीत जाणार. म्हणून माल पास झाल्याचा शिक्का आजच हवा होता.

केंद्रात नुकताच हायपरस्पेक्ट्रल कॅमेरा बसला होता. माणसाला न दिसणारे प्रकाशाचे शेकडो पदर त्याला दिसत. त्यामुळे कोंबडी डोळ्यांनी बघण्याची पद्धत परिपत्रक काढून बंद करण्यात आली होती. तपासणी अधिकारी वामनराव फक्त पडद्याकडे बघत. पट्ट्यावरून पहिली कोंबडी सरकली आणि पडदा लाल झाला.

“कावीळ,” वामनरावांनी वाचलं.

“साहेब, हळद हाय ती! आत्ताच चोळून आणली.”

“हळद नावाचा रोग यंत्रात नोंदलेला नाही. सबब ती कावीळच.”

“मंग वास घेऊन बघा की!”

“वास आमच्या अखत्यारीत येत नाही.”

दुसरीला कावीळ, तिसरीला कावीळ. चौथी पट्ट्यावर वाकडी पडली म्हणून वामनरावांनी ती सरळ करायला हात घातला. हाताला हळद लागली आणि यंत्राने निःपक्षपातीपणे हातही तपासला. ‘कावीळ. मानवी आहारास अयोग्य.’

वामनरावांचा चेहरा उतरला. सकाळपासून थकवा होताच, हे त्यांना आता आठवलं. नाकारलेला माल तत्काळ शीतगृहात हलवावा असा नियम होता, आणि वामनराव नियमाचे पक्के. ते स्वतःच चालत शीतगृहात गेले.

“अवो, हे काय करून राह्यले साहेब?” दुर्गाबाईंना हसू आवरेना. पण साहेबच गोठले तर शिक्का कोण मारणार? त्यांनी कुडकुडणाऱ्या वामनरावांना ओढून नळावर नेलं, साबणाने हात खसाखसा धुतले आणि कॅमेऱ्याखाली धरले. पडदा हिरवा झाला. ‘आहारास योग्य.’

वामनरावांचे डोळे भरून आले. बरं झाल्याच्या आनंदात त्यांनी आदेश काढला, “उपचार सापडला! सगळ्या कोंबड्या साबणाने धुवा.”

“पांढऱ्या पडल्या तर गावरान कोन म्हणंल त्यांना?”

“काय म्हणावं, हा ग्राहकाचा खासगी प्रश्न आहे.”

कोंबड्या धुतल्या गेल्या, पास झाल्या, शिक्के बसले. रविवारी दुर्गाबाईंनी जुन्या जालन्यात माल मांडला. शेजारच्या सर्जेरावांनी साध्या ब्रॉयलर कोंबड्या पास करून आणल्या होत्या आणि हळद मात्र शिक्का बसल्यावर चोळली होती. त्यांच्यापुढे रांग रस्त्यापर्यंत गेली. दुर्गाबाईंकडे फक्त माशा.

दुपारी वामनराव पिशवी घेऊन आले. दुर्गाबाईंच्या जिवात जीव आला. “या साहेब! तुमाला तर ठाऊकच हाय, बिलकुल अस्सल माल हाय.”

वामनरावांनी कोंबडी निरखली, तिच्यावरचा स्वतःचा शिक्का निरखला आणि आवाज खाली आणून म्हणाले, “शिक्का आपल्या जागी ठीक आहे हो, दुर्गाबाई. पण घरी खायचं म्हटल्यावर डोळ्यांनी बघून घ्यावं लागतं. गावरान कशी पिवळीधमक पाहिजे!”

आणि ते सर्जेरावांच्या रांगेत जाऊन उभे राहिले. त्यांना फार हसू नका. त्यांच्यापुढे आपणच होतो, आणि पिशवी भरून घेताना आपणच मोठ्या ऐटीत सांगत होतो, “आपल्याला फसवणं सोपं न्हाई बरं का, सर्जेराव!”