बगळ्यांची रेषा आणि वाघाची गाडी

एका जंगलात, बाळांनो, एक वाघ राज्य करत होता. त्याच्या अंगावर पट्टेच पट्टे होते आणि राज्यातल्या रस्त्यावर एकही नव्हता. हे नीट लक्षात ठेवा. पुढची सगळी भानगड इथूनच सुरू झाली.

वाघाचं नाव भूपतराव. शिकार त्यांनी केव्हाच सोडली होती; ते काम आता खात्यामार्फत होई. त्यामुळे दिवसभर करायचं काय, हा मोठा प्रश्न होता. तशात बातमी आली की पलीकडच्या जंगलातला सिंह गाडी घेणार आहे. साधीसुधी नव्हे. आपोआप लेन बदलणारी! राजानं नुसता इंडिकेटरचा दांडा दाबायचा. मग गाडीच मागे बघणार, पुढे बघणार, जागा शोधणार आणि हळूच शेजारच्या लेनमध्ये सरकणार. राजानं पंजे पोटावर ठेवून बसायचं.

भूपतरावांचं जेवणावरून मन उडालं. सिंहाच्या आधी त्यांनीच गाडी आणवली, तेव्हा कुठे घास गोड लागला.

"अख्ख्या जंगलात एकच गाडी, मग लेन बदलायची कशाला?" असं तुमच्यातलं कोणीतरी विचारतंय. बस बघू खाली. राजेलोकांना असलं काही विचारायचं नसतं.

तर भूपतराव गाडीत बसले. दांडा दाबला. गाडी गोड आवाजात म्हणाली, "रेषा सापडत नाहीत."

भूपतराव गुरगुरले.

"रेषा सापडत नाहीत."

मग त्यांनी अशी डरकाळी फोडली की तीन माकडं झाडावरून खाली पडली. गाडी तितक्याच गोडव्यानं म्हणाली, "रेषा सापडत नाहीत. क्षमस्व." राजाला तोंडावर नाही म्हणणारं त्या जंगलात आजवर कोणी निघालं नव्हतं. दरबारी मंडळी जमिनीकडे बघू लागली.

रस्ते खात्याचे प्रमुख दाजीसाहेब तरस पुढे झाले. "महाराज, चुना मागवतो. दोन दिवसांत पट्टे मारून देतो."

चुना आला. पण तो रस्त्याला काही लागला नाही. कोणाला लागला ते घरी गेल्यावर आईबाबांना विचारा.

आठवडा गेला. आता पट्टे दिसले नाहीत तर आपलं मुंडकं दिसणार नाही, हे दाजीसाहेबांना कळून चुकलं. घाम पुसत ते दलदलीच्या कडेनं येरझारा घालत होते. आणि तिथे त्यांना बगळे दिसले. पांढरेशुभ्र. एका ओळीत. एका पायावर. जागचे हलत नव्हते.

बगळा असा उभा राहिला की लोक त्याला ढोंगी म्हणतात. अहो, ढोंग कसलं! पोटासाठी उभा असतो बिचारा. त्या ओळीत द्वारका बगळी उभी होती आणि तिच्या शेजारी तिचा नवरा सखोजी. सकाळपासून दोघांना मिळून दीड मासा मिळाला होता. तरी दोघं सुखात होती. तो इकडे, ती तिकडे, मध्ये पाणी. एवढंच द्वारकेला पुरत असे.

दाजीसाहेबांनी तिथल्या तिथे हुकूम वाचला. "उद्यापासून नर बगळ्यांनी रस्त्याच्या मधोमध, चार-चार हातांवर उभं राहायचं. तुम्ही आता बगळे नाही. तुम्ही पायाभूत सुविधा आहात!"

सखोजीची मान दोन बोटं उंच झाली. "अगं, ऐकलंस का? सुविधा म्हणाले आपल्याला."

"ऐकलं," द्वारका म्हणाली. "आणि मासे कधी खायचे?"

तेवढं हुकुमात लिहिलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी रांग लागली. भूपतरावांनी दांडा दाबला आणि गाडी आनंदानं म्हणाली, "रेषा सापडल्या!" पण लेन बदलेना. तिचं म्हणणं, पुढे काही अडथळाच नाही, तर बदलू कशाला? (बघा, तुमचा मघाचा प्रश्न गाडीलाही पडला होता. तिला मात्र कोणी खाली बस म्हणालं नाही.) मग आबा कासवाला बोलावून 'पुढे हळू चालणारं वाहन' या पदावर नेमण्यात आलं. आबा पुढे चालू लागला, गाडी त्याच्या मागे आली, दांडा दाबला गेला आणि गाडी दोन बगळ्यांच्या मधून सुळ्ळकन पलीकडच्या लेनमध्ये गेली.

"लेन बदलली आहे. धन्यवाद."

रस्त्याकडेच्या वडाखाली बसलेल्या दरबाऱ्यांनी टाळ्या पिटल्या. "काय गाडी चालवतात महाराज! हात न लावता!" त्या दिवशी भूपतरावांनी चाळीस वेळा लेन बदलली. चाळीसही वेळा वडासमोरच, कारण टाळ्या तिथेच होत्या. रस्त्याच्या कडेला सशांची बिऱ्हाडं होती. ससेही पोराबाळांना घेऊन बघायला आले. बगळ्यांची मजा बघून ते पोट धरधरून हसले.

सहाव्या दिवशी म्हातारे बापू बगळे गेले. ते वडासमोर उभे असत. गाडी मधून जाताना मागचं चाक जरा आतून आलं, इतकंच. द्वारका तेव्हा झाडावर होती. तिनं ते पाहिलं. गाडी म्हणाली, "लेन बदलली आहे. धन्यवाद." टाळ्या वाजल्या.

खात्याच्या वहीत संध्याकाळी नोंद झाली : वडासमोरचा एक पट्टा पुसला गेला. नवा भरावा.

नवा पट्टा म्हणून सखोजीची नेमणूक झाली.

"सगळ्यांत सरळ मीच उभा राहतो म्हणाले साहेब," सखोजी घरट्यात येऊन सांगू लागला.

"अहो, बापू काय वाकडे उभे होते?" द्वारकेचा आवाज चढला. "नका जाऊ तुम्ही. पाय मोडला म्हणून सांगा."

"एकाच पायावर तर उभं राहायचंय. दुसरा मोडला तरी चालेल म्हणतील," सखोजी म्हणाला. तो हसला, पण त्याचा आवाज कापत होता. द्वारकेनं ओळखलं की यांनाही भीती वाटते आहे, आणि ती आणखीच घाबरली.

दोन दिवसांनी तो शेपटीची अर्धी पिसं चाकाखाली घालवून घरी आला. द्वारका तडक दाजीसाहेबांच्या कचेरीत गेली.

"साहेब, पाया पडते. यांना जरा कडेला उभं करा. वीतभर सरकवा नुसतं."

दाजीसाहेबांनी कागदावरून डोळेसुद्धा उचलले नाहीत. "पट्टा सरकत नसतो, बाई. गाडी सरकते."

मग ती राजाकडे गेली. भूपतराव स्वभावानं वाईट नव्हते, फक्त राजे होते. त्यांना खरोखर नवल वाटलं. "पण मी कुठे काय करतो? माझे पंजे तर पोटावर असतात. गाडीला विचार."

द्वारकेनं गाडीला विचारलं. गाडी गोड आवाजात म्हणाली, "चालकाने सतत लक्ष ठेवणे आवश्यक आहे."

"बघ," भूपतराव म्हणाले, "किती नम्र आहे!"

द्वारका दलदलीच्या काठाशी येऊन रडत बसली. दुपारची वेळ होती, राजा झोपला होता आणि आबा कासवाची सुट्टी झाली होती. तो हळूहळू तिच्याजवळ आला. त्याला यायला इतका वेळ लागला की तोवर तिचं रडून झालं होतं.

"बाई, मी रोज त्या गाडीपुढे चालतो," आबा म्हणाला. "तिला राजा दिसत नाही. वड दिसत नाही. तिला दोनच गोष्टी दिसतात. माझी पाठ आणि तुमची रांग. परवा रांगेतला एक जण पेंगला आणि वीतभर डावीकडे झुकला. गाडीही वीतभर डावीकडे झुकली."

द्वारकेनं डोळे पुसले. रस्त्याकडे बघितलं. मग डावीकडे, खाली, दलदलीकडे बघितलं.

"आबा," ती म्हणाली, "ती गाडी रांगेमागे कुठेही जाईल?"

"कुठेही. धन्यवाद म्हणत जाईल."

त्याच दुपारी बगळ्यांची सभा भरली. द्वारकेनं बेत सांगितला. वडाच्या पुढच्या पहिल्या बगळ्यानं डावीकडे एकच पाऊल सरकायचं. दुसऱ्यानं दोन. तिसऱ्यानं तीन. एकेकाला बघाल तर कोणी फारसं काही केलेलं दिसणार नाही. शेवटचा बगळा मात्र थेट चिखलाच्या तोंडाशी असेल, आणि गाडी अंगावर येईपर्यंत त्याला हलता येणार नाही. तो आधी उडाला तर रेषा तुटेल आणि गाडी थांबेल.

सगळे सखोजीकडे बघू लागले. सगळ्यांत सरळ तोच उभा राहायचा.

द्वारकेला ओरडून नाही म्हणायचं होतं. ज्याला वाचवायला निघाली त्यालाच तिनं पुढे केलं होतं. पण रोज चाळीस वेळा मरण टाळण्यापेक्षा एकदाच काय ते होऊ दे, असं म्हणून तिनं मन घट्ट केलं. "वेळेवर उडा हो," एवढंच तिला बोलता आलं.

दुसऱ्या दिवशी पलीकडच्या जंगलातला सिंह गाडी बघायला पाहुणा म्हणून आला. भूपतरावांनी त्याला शेजारी बसवलं. आबा पुढे चालू लागला. वड आला. दांडा दाबला गेला. गाडी झोकात आबाच्या बाजूनं पुढे निघाली आणि रांगेच्या कडेकडेनं धावू लागली.

"बघा, पाहुणे! हात लावत नाही मी!"

"रस्ता जरा डावीकडे जातोय का?" सिंहानं विचारलं.

"गाडीला कळतं सगळं."

"पुढे चिखल दिसतोय, महाराज."

"तिला आपल्यापेक्षा जास्त दिसतं," भूपतराव म्हणाले आणि त्यांनी पंजे पुन्हा पोटावर ठेवले.

द्वारका झाडावर श्वास रोखून बसली होती. गाडी आली. आणखी जवळ आली. सखोजी हलला नाही. दिव्यांचा उजेड त्याच्या छातीवर पडला, तरी हलला नाही. "उडा!" द्वारका किंचाळली. आणि तो उडाला. चाकाचा वारा त्याच्या उरल्यासुरल्या शेपटीला लागला, आणि त्याच्याखालून दोन राजे, चार चाकं आणि एक गोड आवाज धप्पकन चिखलात गेले.

"रेषा सापडत नाहीत," गाडी बुडताबुडता म्हणाली. "कृपया ताबा घ्या."

सखोजी फांदीवर येऊन बसला. द्वारका त्याला बिलगून रडली. दोन्ही पाय होते. दोन्ही पंख होते.

वाजवल्यात टाळ्या? छान. आता दप्तरं खाली ठेवा. गोष्ट संपलेली नाही.

राजे गळ्यापर्यंत चिखल घेऊन बाहेर आले. चौकशी बसली. दाजीसाहेबच चौकशी अधिकारी. निष्कर्ष तीन दिवसांत आला : गाडीचा दोष नाही, महाराजांचा तर नाहीच नाही. दोष रेषेचा. उडू शकणारी रेषा वाहतुकीला धोकादायक असते.

मग दाजीसाहेब स्वतः घरट्याखाली आले. द्वारकेला वाटलं, आता पंख छाटणार. पण ते गोड बोलले.

"सखोजीराव, राजाची गाडी हवी तिकडे वळवणारी अक्कल बाहेर ठेवणं बरं नाही. ती खात्यात हवी. मुख्य रेषा-निरीक्षक व्हा. रोज घरपोच मासे. नसेल पटत, तर कात्री आणलीच आहे."

सखोजीची मान दोन बोटं उंच झाली.

द्वारका दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी मासे आले. मोठे होते. चवीलाही बरे होते, खोटं कशाला बोला.

नव्या रेषेसाठी न उडणारा प्राणी हवा होता. ससे सापडले. ते रंगानं मातकट होते, पण त्यांना फासायला चुना आता लगेच सापडला. सखोजी गळ्यात शिट्टी अडकवून रांगेपुढून फिरू लागला. "हलायचं नाही! मी वडासमोर उभा होतो, माहितीये ना?" जुनी गाडी चिखलात गेली म्हणून नवी आली होती. सिंहानंही तसलीच घेतली होती. चिखलात बसूनही तो हात न लावण्याच्या सुखावर खूश झाला होता.

एका संध्याकाळी घरट्याखाली हौसा नावाची एक सशीण येऊन उभी राहिली. डोळे रडून लाल झाले होते. म्हणजे सशांचे असतात त्याहून लाल. तिच्या नवऱ्याला वडासमोर उभं केलं होतं.

"बाई, पाया पडते," हौसा म्हणाली. "साहेबांना सांगा ना. यांना जरा कडेला उभं करा. वीतभर सरकवा नुसतं."

द्वारकेला सगळं आठवलं. बापू आठवले. आपलं रडणं आठवलं. तिच्या घशात काहीतरी अडकलं. बहुधा माशाचा काटा असावा. तिनं तो गिळला.

"पट्टा सरकत नसतो, बाई," द्वारका म्हणाली. "गाडी सरकते."

तात्पर्य : आपोआप लेन बदलण्यासाठी गाडीला पांढऱ्या रेषा लागतात, पुढे अडथळा लागतो आणि आधी इंडिकेटर द्यावा लागतो. म्हणजे या कामात ती अजून फार मागासलेली आहे. मुलांनो, आपण फक्त मासे कुठल्या बाजूला आहेत ते बघावं. बाकी सगळं आपोआप होतं.