श्वास चालू आहे

दिवाळीच्या सकाळी बकाराम बिसेन यांचा फोन वाजला, तेव्हा ते भिंतीवर होते. फोटोत, झेंडूच्या हारात. तेरवी अजून व्हायची होती. सुतकामुळे दारात रांगोळी नव्हती, आकाशकंदील नव्हता, आणि शेजारणींनी फराळाची ताटं लांबूनच वळवून नेली होती. सुतक फक्त फोनला कळत नव्हतं. फोटोखालच्या फळीवर तो थरथरत थरथरत कडेला आला आणि खाली पडता पडता रुख्माबाईंनी पदरात झेलला.

"हर्षा, पाहा वो, कोण मरून राहिलं त्यात," त्या म्हणाल्या.

सुनेनं पाहिलं. "मामाजींचा ग्रुप आहे, आई. मोकळा श्वास."

हा ग्रुप दमेकऱ्यांचा. कोणी जळगावचा, कोणी नांदेडचा, एकजण थेट दुबईचा. एकमेकांचं तोंड कोणी पाहिलेलं नव्हतं, पण एकमेकांचा कफ सगळ्यांना पाठ होता. सोलापूरकडच्या एक निवृत्त नर्सबाई तो चालवत. त्यांना सगळे सिस्टर म्हणत आणि दवाखान्यात भीत तसे भीत. सिस्टरांचा नियम असा की, सणाच्या सकाळी प्रत्येकानं शुभेच्छा द्यायच्या आणि खाली लिहायचं : श्वास चालू आहे. तीच हजेरी. दुपारपर्यंत ज्याची शुभेच्छा आली नाही त्याच्या घरी फोन, आणि दुसऱ्या दिवशी ग्रुपवर जोडलेले हात. पूर्वी थंडी पडली की एखादं नाव गळायचंच. गेल्या वर्षभरात मात्र एकही गळलं नव्हतं. सिस्टरांची शिस्तच तशी, असं सगळे म्हणत.

"परबांनी दोनदा विचारलं," हर्षानं वाचून दाखवलं. "बकारामभाऊ, तुमची शुभेच्छा नाही. काळजी वाटते. श्वास चालू आहे ना?"

वेंगुर्ल्याचे दिगंबर परब हे बकारामचे सगळ्यात जवळचे मित्र. राज्याच्या त्या टोकाला ते, नागपूरच्याही पलीकडे या टोकाला हे. मध्ये जेवढा महाराष्ट्र आहे तेवढा दोघांनी मिळून खोकून काढला होता. दसऱ्याला परबांचं सोनं फोनवर आलं, तेव्हा बकाराम उशीला टेकून किती वेळ हसत होते. शेवटच्या दिवशी त्यांनी बायकोला बजावलं होतं, "परबाले एकदम सांगू नोको. त्याची छाती माह्यापेक्षा गेलेली आहे. ऐकल्यासरशी जाईन तो."

मुलगा वीरेंद्र म्हणाला, "सांगून टाका ना. लपवता कायले? मरण का चोरीचं आहे?"

"अन् तो गेला म्हणजे? दिवाळीच्या दिवशी एका माणसाच्या मरणाचं पाप घेतोस का तू?"

"मग शुभेच्छा द्यायच्या? सुतकात?"

रुख्माबाईंनी भिंतीकडे पाहिलं. "सुतक आपल्याले. त्यायले कायचं सुतक? त्यायचा फोन, त्यायच्या शुभेच्छा."

हर्षानं लिहिलं : शुभ दीपावली, श्वास चालू आहे. सिस्टरांचं उत्तर लगेच आलं : बकाराम, हजर. मेलेल्या माणसाच्या नावापुढे फुली पडायची ती बरोबरची खूण पडली, आणि रुख्माबाईंना त्या दिवसांत पहिल्यांदा घास गेला.

खरी पंचाईत पुढेच सुरू झाली. सिस्टरांनी फर्मान काढलं : फुंकायच्या नळीत फुंका आणि आकडा कळवा. श्वासाचा जोर मोजणारी ही नळी प्रत्येकाकडे होती. बकाराम जीव लावून फुंकायचे तेव्हा काटा जेमतेम दीडशेला जायचा. आता फुंकणार कोण? वीरेंद्रनं फुंकलं. धानाची पोती उचलणारा गडी, काटा एका दमात पाचशेच्या पार गेला.

"कमी करून लिहू का?" हर्षानं विचारलं.

"काऊन? बाबाची इज्जत आहे," वीरेंद्र म्हणाला.

ग्रुपवर हाहाकार झाला. दुसऱ्या दिवशी परबांचा आकडा आला, तो बकारामपेक्षा दहानं जास्त. वीरेंद्रला हे लागलं. पहाटे उठून, दूध पिऊन, अंगणात दोन फेऱ्या मारून त्यानं पुन्हा फुंकलं. परबांनी तोही आकडा मोडला.

"म्हातारा मरत कसा नाही?" वीरेंद्र धापा टाकत म्हणाला. त्याला आता खोकला यायला लागला होता.

मग सगळे उपाय विचारू लागले. खोटं बोलायचं नाही, असं रुख्माबाईंनी ठरवून ठेवलं होतं. म्हणून हर्षानं जे होतं तेच लिहिलं : धुळीत जात नाही. कामाची दगदग नाही. चिडणं बंद. कोणाशी बोलत नाही, रात्रंदिवस शांत असतो. सिस्टरांनी खाली लिहिलं, "बकारामकडून शिका." आणि नांदेडच्या एकानं विचारलं, औषध कोणतं घेता?

"घेत नाहीत म्हणून सांग," वीरेंद्र म्हणाला. "खरंच आहे."

"नोको," रुख्माबाई खेकसल्या. "तो भला माणूस औषध सोडीन अन् आपल्या बुढ्याच्या मागं जाईन." हर्षानं घाईघाईनं लिहिलं, औषध डॉक्टर सांगतील तेच घ्या. त्या रात्री रुख्माबाईंना झोप आली नाही. एक मेलेला माणूस जिवंत ठेवणं सोपं होतं, पण तो जिवंतांचा गुरू होऊ लागला होता.

संक्रांतीच्या तोंडावर परबांचा निरोप आला : माझा मुलगा नागपूरला कामानिमित्त येतोय, तुम्हाला भेटून जाईल.

"फोटो उतरवू का?" वीरेंद्रनं विचारलं.

"अन् त्या जागी कोणाले बसवशीन? तुले?" रुख्माबाईंनी फोटोचा हार बदलला. "पोराले खरं सांगू. पोराची छाती चांगली असन. बापाले कसं सांगायचं ते तो पाहीन."

संक्रांतीच्या सकाळी हायवेवर बसमधून एक चाळिशीचा माणूस उतरला. हातात कोकम आणि काजूंची पिशवी. नाव निलेश. ओसरीवर पाऊल ठेवताच त्याला भिंत दिसली. तो तसाच उभा राहिला. मग हळूच खाटेवर बसला आणि पाणी मागितलं.

"कधी?" त्यानं विचारलं.

"दिवाळीच्या आधी," रुख्माबाई म्हणाल्या. "बापू, तुह्या बापाले हळू सांगजो. त्यायनंच बजावलं होतं, परबाची छाती नाजूक आहे म्हणून. त्याच्यासाठीच हे सारं केलं."

निलेशनं पेला खाली ठेवला. "मावशी, बाबा गणपतीतच गेले."

चुलीवर तिळगुळाचा पाक होता, तो करपला तरी कोणी उठलं नाही.

"आम्हालाही सांगून गेले होते, बकारामची छाती नाजूक, फोनवर सांगू नका," निलेश म्हणाला. "म्हणून बायको शुभेच्छा टाकत राहिली. दिवाळीला तुमचं काही येईना तेव्हा ती रडायला आली होती. मी मुद्दाम समोर बसून सांगायला आलो."

"म्हणजे दसऱ्याचं सोनं..." रुख्माबाईंनी बोटं मोजली. "ते गेल्यावर पाठवलं त्यायनं?"

"हो."

"लय खूश झाले होते हे," त्या म्हणाल्या, आणि पदर तोंडाला लावला.

वीरेंद्र मघापासून वेगळ्याच विचारात होता. "म्हणजे ते आकडे?"

"मी फुंकायचो," निलेश खाली मान घालून म्हणाला. "शाळेत मास्तर आहे खेळाचा. तुमचे?"

"मी," वीरेंद्र म्हणाला आणि खोकला.

शेवटी रुख्माबाई उठल्या. दोन मेलेल्या माणसांनी एकमेकांना जपलं ते जपलं, पण आता नांदेडवाल्याला फसवायचं नाही. "सिस्टरले लाव फोन. ती नर्स आहे, तिनं मरणं पाहिली आहेत. तिची छाती घट्ट. दोघायचंही एकदमच सांगून टाकू."

हर्षानं बकारामच्या फोनवरून नंबर लावला आणि आवाज मोठा केला. पलीकडून एका तरुण मुलीचा आवाज आला.

"बोला बकाराम आजोबा. मी सिस्टरांची सून."

"मी रुख्मा, त्यायची घरवाली. सिस्टरले दे जरा, बाई. एक सांगायचं आहे."

पलीकडे भांडं ठेवल्याचा आवाज आला.

"देते," मुलगी अडखळत म्हणाली. "पण आजी, आधी एक सांगा. आजोबांची छाती सध्या कशी आहे? म्हणजे काही ऐकलं, तर सोसेल ना त्यांना?"

वर्षभरात ग्रुपातलं एकही नाव का गळलं नव्हतं, ते त्या ओसरीवर चौघांच्याही एकाच वेळी ध्यानात आलं. निलेश तोंड उघडणार होता. रुख्माबाईंनी हात वर करून त्याला थांबवलं. भिंतीवर बकाराम नव्या हारात स्वस्थ होते.

"नाई सोसायचं, बाई," त्या म्हणाल्या. "तशी चांगली आहे. श्वास चालू आहे."

"बरं झालं," मुलीनं सुटल्यासारखं म्हटलं आणि फोन ठेवला.

थोड्याच वेळात फळीवरचा फोन थरथरला. सिस्टरांची हजेरी सुरू झाली होती. हर्षानं वाचलं : बकाराम, हजर. परब अजून आले नाहीत.

निलेशनं खिशातून बापाचा फोन काढला.