चढत्या पाण्याचे आंबेरकर

आंबेरकर काका पहिल्यांदा आमच्या घरी आले तेव्हा दारातच, चपला काढता काढता त्यांनी विचारलं, "वैनी, पाणी खंयसून येता?" मी साताऱ्याकडची, मालवणी माझ्या कानाला नवी. त्यातला 'पाणी' एवढा एकच शब्द मला कळला, म्हणून मी लगबगीने ग्लासभर पाणी आणून दिलं. त्यांनी ते सभ्यपणे पिऊन टाकलं, ग्लास परत दिला आणि पुन्हा तेच विचारलं. मी दुसरा ग्लास आणला. तिसऱ्या ग्लासाला माझा नवरा मध्ये पडला आणि म्हणाला, "अगं, त्यांना तहान नाही लागलेली. पाणी कुठून येतं, असं विचारतायत."

"नळातून," मी म्हटलं.

या उत्तराने त्यांच्या मनातली माझी किंमत एकदम उतरली असावी. ते सरळ स्वयंपाकघरात शिरले, सिंकखालचं कपाट उघडून आत वाकले, मग गच्चीवर गेले. अर्ध्या तासाने हात पुसत खाली आले आणि म्हणाले, "व्हॉल्व अर्धो बंद होतो." त्या दिवसापासून आमच्या बाथरूममधलं पाणी धो धो यायला लागलं, आणि आंबेरकर काका दर शुक्रवारी.

दुबईच्या करामा भागातल्या आमच्या चार मजली इमारतीत ते वरच्या मजल्यावर राहायचे. दोन खोल्यांत सहा जण, सगळे घर गावी ठेवून आलेले. बागा तयार करून देणाऱ्या एका कंपनीत ते पाइपलाइनचे फोरमन होते. दुबईत जिथे हिरवं दिसतं तिथे मातीखाली काळा पाइप असतो, आणि त्यातल्या पुष्कळ पाइपांवर त्यांचा हात फिरलेला होता. फुलझाडांशी त्यांना काहीएक देणंघेणं नव्हतं. गुलाब दाखवला तर ते वाकून त्याच्या बुडाशी बघायचे. नव्या माणसाची ओळख झाली की नाव-गाव बाजूला, आधी त्याच्या घरचं पाणी कुठून येतं ते विचारायचं. एका बँकेच्या मॅनेजरला त्यांनी हे भर लग्नाच्या पार्टीत विचारलं होतं, आणि त्याला सांगता आलं नाही म्हणून रात्रभर त्याच्याशी बोलले नाहीत.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर दुबईतल्याच जुमेरा भागातल्या एका अरबाबाला, म्हणजे बड्या मालकाला, आपल्या घरापुढे जुन्या इटालियन बागांसारखी बाग हवीशी वाटली. कंपनीने इंजिनिअरला आठ दिवस इटलीला धाडलं आणि सोबत आंबेरकरांना दिलं. इंजिनिअरला नकाशे कळत होते, पाणी आंबेरकरांना कळत होतं. तिथे एक पांढऱ्या केसांची बाई त्यांना गाइड म्हणून मिळाली आणि त्यांनी रोज दोन याप्रमाणे बागा पाहिल्या. काका परत आले ते फोटोंचा जाडजूड अल्बम घेऊन, आणि त्यानंतर कितीतरी वर्षं आमच्या हॉलमध्ये दर शुक्रवारी दुपारी जेवणं झाली की इटालियन बागांची टूर निघायची.

टूरला शिस्त असायची. काका मोजपट्टी दीडेक फूट बाहेर काढून तिचा छडीसारखा उपयोग करायचे. "पुढे चला. पायऱ्या सांभाळून," असं ते सोफ्यावर बसलेल्या माणसांना सांगायचे, आणि आम्ही खरोखरच एकेक जागा पुढे सरकायचो, कारण अल्बम त्यांच्या मांडीवर असायचा आणि लांबून दिसायचं नाही. फोटो मात्र विलक्षण होते. आठ दिवसांत त्यांनी एकही अख्खी बाग टिपली नव्हती. सिंहाच्या जबड्यातलं भोक, दगडी पन्हळीचा सांधा, शेवाळलेली मोरी. एका फोटोत संगमरवरी देवतेची नुसती पावलं होती.

"काका, व्हेअर इज द लेडीज हेड?" माझी सात वर्षांची मुलगी विचारायची.

"डोक्यात पाणी नाय, बाय. पायात असा."

सगळे हसायचे. मीही हसायचे, आणि आता त्याचं वाईट वाटतं. सिंहाच्या जबड्यात त्यांनी कोपरापर्यंत हात घातला तेव्हा गाइडबाई किंचाळली होती, हे ते अभिमानाने सांगायचे. शेवटी त्यांनी तिला आपल्या इंग्रजीत विचारलं, "मॅडम, वॉटर मदर व्हेअर?" पाण्याची आई कुठे आहे. तिचंही इंग्रजी बेताचंच, म्हणून तिला ते बरोबर कळलं. बाकीच्यांना कॉफी प्यायला बसवून ती त्यांना बागेमागच्या डोंगरावर घेऊन गेली. तिथे झाडीत एक जुनी दगडी टाकी होती. आत बेडूक, वर पाचोळा. अल्बमचं शेवटचं पान त्या टाकीचं होतं.

इथे आले की काका मोजपट्टी मिटायचे. "पंप नाय, मोटर नाय, वायर नाय. खलास. पाणी हयसून खाली घळीत उतारता आणि पलीकडे आपणच वर चढता. चारशे वर्सा."

ते एवढे हळवे का होतात, ते मला पुढे कळलं. कणकवलीच्या पुढे, घाटाच्या पायथ्याला त्यांचं घर उतारावर होतं आणि विहीर खाली. ब्याऐंशी पायऱ्या. त्यांची बायको सुमती रोज चार खेपा करायची, डोक्यावर हंडा आणि कडेवर कळशी. विहीर भाऊबंदांची सामायिक. एकाने पंप बसवायचा म्हटलं की बाकीचे तिघे आडवे यायचे. घराच्या मागे, वरच्या अंगाला बारमाही झरा होता, पण झरा आणि घर यांच्यामध्ये घळ. उघडा पाट घळ ओलांडू शकत नाही, आणि पाणी एकदा खाली गेलं की वर चढत नाही, हे गावात पिढ्यान्‌पिढ्या सगळ्यांना ठाऊक होतं. काकांनाही ठाऊक होतं. पंपाशिवाय पाणी हलत नाही अशा दुबईत वीस वर्षं पाइप जोडूनही ही गोष्ट त्यांना कधी सुचली नाही, आणि ती त्या बेडकांच्या टाकीपाशी सुचली. झऱ्यापासून घरापर्यंत बंद पाइप घातला तर पाणी घळीत उतरून पलीकडे चढणार होतं, कारण घर झऱ्यापेक्षा खाली होतं.

"येत्या मे महिन्यात," ते म्हणाले. "सुट्टी मिळाली की पयला काम ताच."

त्या मेमध्ये जुमेराची बाग अर्धी झाली होती. पुढच्या मेमध्ये ती पुरी झाली, तर ती बघून आणखी दोन अरबाबांना तशीच हवी झाली. इटली पाहिलेला फोरमन कंपनीत एकच. जी टूर करून ते शहाणे झाले, तिनेच त्यांना अडकवून ठेवलं. सुट्टीचा अर्ज मॅनेजरच्या टेबलावर जायचा आणि "इन्शाल्ला, आफ्टर प्रोजेक्ट" असं ऐकून परत यायचा.

मी एकदा न राहवून विचारलं, "काका, गावातल्या कुणा प्लंबरकडून का नाही करून घेत?"

"थयसर माझोच हात लागाक होयो," ते म्हणाले. "आणि नुसतो नळ कोणय लावीत, वैनी. तुळशीपुढे कारंजा होया. पाणी दोन हात वर उडाक होया."

कारंज्यासाठी त्यांनी पितळी तोटी घेऊन ठेवली होती. बायकोला त्यांनी नकाशा काढून पाठवला. तिचं पत्र आलं ते गावातल्या शाळामास्तरांच्या अक्षरात. काकांनी ते मला वाचायला दिलं, कारंज्याचं तिला काय वाटतं ते मला कळावं म्हणून. तिने लिहवून घेतलं होतं, 'कारंजे राहू द्या. मला नळ पुरे. गुडघे दुखतात.' काकांनी पत्र घडी करून खिशात ठेवलं आणि म्हणाले, "तिका कल्पना नाय."

मला तेव्हाच त्यांना खडसावायला हवं होतं. मी चहा टाकायला उठले.

गावी काही निकड आली तर म्हणून त्यांनी आमचा फोन नंबर देऊन ठेवला होता. एका शुक्रवारी टूर ऐन रंगात होती. कंपनीत नव्याने आलेली तीन पोरं सोफ्यावर बसली होती, आणि फोन वाजला तो मी आतल्या खोलीत घेतला. काकांचा धाकटा भाऊ बोलत होता. वहिनी सकाळी विहिरीवर गेली, चढताना मध्येच चक्कर आली म्हणून पायरीवर टेकली. ती उठलीच नाही. एवढं सांगून तो रडायला लागला.

मी हॉलच्या दारात येऊन उभी राहिले. "पुढे चला. पायऱ्या सांभाळून," काका त्या पोरांना सांगत होते. टाकीचं पान येईपर्यंत मी तशीच उभी होते. मग पोरांना मी वर पाठवलं, आणि काकांना सांगितलं.

त्यांनी अल्बम मिटला. मोजपट्टी सावकाश आत गुंडाळली. मग माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "हंडो भरलेलो होतो?"

ते मी विचारलं नव्हतं.

सुट्टी त्या दिवशी ताबडतोब मिळाली. तरीही ते पोचले तेव्हा सगळं होऊन गेलं होतं. दिवसकार्य आटोपल्यावर त्यांनी झऱ्यावर टाकी बांधली, घळीत पाइप उतरवला, पलीकडे चढवला आणि घरामागे नळ बसवला. एकट्याने, बारा दिवसांत. महिन्याने परत आले तेव्हा आमच्याकडे येऊन बसले आणि एवढंच म्हणाले, "पाणी चढला." आता भाऊबंदांच्या बायका त्याच नळावर पाणी भरतात, असं मला नंतर कळलं. पितळी तोटी त्यांनी इथेच, खाटेखालच्या पेटीत ठेवली होती. ती त्यांनी नेलीच नव्हती.

शुक्रवारी ते येत राहिले, पण अल्बम कधी खाली आणला नाही. आम्हीही विषय काढला नाही. चारेक वर्षांनी, गुडघे त्यांचेही गेले, आणि कंपनीने निरोप दिला. निघण्याच्या आदल्या शुक्रवारी ते म्हणाले, "वैनी, जुमेराची बाग एकदा बघून घेवा. अरबाब लंडनाक गेलोहा. वॉचमन आपलो माणूस असा."

आम्ही तिघं काकांसोबत उन्हं उतरल्यावर गेलो. सपाट वाळूवर ट्रकांनी माती ओतून त्यांनी टेकडी उभी केली होती, आणि तिच्यावर तीन टप्प्यांत पायऱ्या, कापीव झुडपं, कारंजी. सुंदर होतं सगळं. काका मात्र शरमल्यासारखे मागे मागे चालत होते. एका झुडपाआड घरघर ऐकू येत होती, तिकडे बोट करून ते म्हणाले, "पंप असा. खोटी बाग."

जिन्याच्या प्रत्येक टप्प्यावर, वळणाशी, भिंतीला लागून एक विचित्र कट्टा होता. बसण्याजोगा नाही, कारण त्याला दोन उंच्या होत्या. एक दगड छातीइतका, त्याला लागून दुसरा कमरेइतका. माझा नवरा म्हणाला, "हे काय, कुंड्या ठेवायला?"

"इंजिनिअरन विचारल्यान. मी सांगितलंय, इटालियन स्टाइल, साब," काका म्हणाले. "अरबाबाचे पावणे थयसर कॉफीचे कप ठेवतत."

मी लहानपणी विहिरीवरून पाणी वाहिलेलं आहे. वरच्या दगडावर हंडा, खालच्यावर कळशी, आणि बाईने दोन मिनिटं मोकळं उभं राहायचं. बाग बांधली तेव्हा सुमती जिवंत होती. ती जुमेराला कधीच येणार नव्हती, आणि येती तरी तिथे कुणाला पाणी वाहायचं नव्हतं. तरी त्यांनी टप्प्याटप्प्यावर तिला थांबायला जागा करून ठेवली होती.

काका बाजूच्या नळावरून एक बादली अर्धी भरून घेऊन आले. "तुमची उंची तिच्याइतकीच असा," ते म्हणाले. "एकदा चढून दाखवशात? दगडाचा माप बरोबर असा काय, ता बघूचा असा. मी अंदाजान घेतलेला."

मी ओढणीची चुंबळ केली आणि बादली डोक्यावर घेतली. "आई, व्हॉट आर यू डूइंग?" मुलगी म्हणाली, आणि तिच्या बाबाने तिला गप्प केलं. इतक्या वर्षांनी मान डुगडुगत होती. एकेक पायरी चढत मी वळणापर्यंत पोचले. माप बरोबर होतं. बादली टेकवायला मी हात वर केले, तेवढ्यात पुढे जाऊन वर उभे राहिलेले काका दोन पायऱ्या उतरून खाली आले आणि त्यांनी दोन्ही हातांनी ती माझ्या डोक्यावरून उतरून घेतली.

घेतली, आणि तशीच छातीशी धरून उभे राहिले. पाणी हिंदकळून त्यांच्या शर्टावर सांडत होतं.

"काका, माप बरोबर आहे," मी म्हटलं. "ठेवा ती आता खाली."

त्यांनी ती ठेवली नाही.