मन्मथअप्पांचा समुद्र

आमच्या लातूरच्या गल्लीत पारावर एक फळा टांगलेला आहे. त्यावर रोज सकाळी खडूनं दोन ओळी लिहिलेल्या असतात. पहिली : नळ, मंगळवारी, बहुतेक. दुसरी : भरती, अकरा चाळीस, नक्की. समुद्र इथून एसटीनं अख्ख्या दिवसाच्या वाटेवर. तरी ती दुसरी ओळ एकदाही चुकलेली मी पाहिली नाही.

लिहिणारे मन्मथअप्पा. पालिकेतली सारी नोकरी पाण्याचे वॉल्व्ह फिरवण्यात गेली. कुठल्या गल्लीला कधी पाणी सोडायचं ते अप्पांच्या हातात, त्यामुळं लोक त्यांच्या सायकलमागं धावायचे आणि शिव्याही त्यांनाच घालायचे. आता रिटायर झालेत. बायको फार पूर्वीच गेली. एकुलती एक लेक शिवलीला तिकडं सिंधुदुर्गात झेडपीच्या शाळेवर मास्तरीण. आणि अप्पांना समुद्राचं वेड. कुठलाही समुद्र नव्हे बरं का, वेंगुर्ल्याच्या अलीकडचा, शिवलीलाच्या शाळेजवळचा, ज्याचं नावसुद्धा आमच्या गल्लीत कुणी ऐकलं नव्हतं.

"भरतीचं पाणी रोज पाऊण तास पुढं सरकतंय, पर सांगून सरकतंय," अप्पा म्हणतात. "आमच्या खात्यात असता समुद्र, तर कवाच साहेब झाला असता."

कुणी गोव्याला निघाला की अप्पा त्याला पारावर बसवून घेतात. गर्दीच बघायची तर गंजगोलाईच्या बाजारात जा म्हणतात, भाडं कशाला घालवता. मग हातात चिठ्ठी देतात. कुठं उतरायचं, कुठल्या घरी बिनमाशाचं जेवण मिळतं, कुठल्या खडकावर बसायचं, त्या दिवशीची भरती किती वाजता. शेवटची ओळ ठरलेली : शाळेपाशी थांबणे, मॅडमला पिशवी देणे. पिशवीत कडक भाकरी आणि शेंगाची चटणी. माणूस परत आला की त्याची उलटतपासणी. असं करत करत निम्मी गल्ली त्यांनी तिकडं धाडली.

मी भोकरचा, बँकेतल्या बदलीनं लातुरात आलेला, आणि फुकटच्या सल्ल्याची मला भयंकर चीड. पण बायकोनं चिठ्ठी घेतली आणि जानेवारीत आम्ही गेलो. खोटं कशाला बोलू, अप्पांचा शब्द न् शब्द खरा निघाला. सुरूची झाडं, लांबच लांब रिकामी वाळू, खडक सांगितला तिथंच. मी घड्याळ लावून बसलो होतो. पाणीसुद्धा दिलेल्या वेळेला आलं. लाज वाटली मला माझीच.

अब्रू मात्र आम्ही पहिल्याच सकाळी घालवली. नळाला पाणी दिसताच बायकोनं उतरलो होतो त्या घरातल्या बादल्या, घागर, दोन पातेली आणि चहाची किटली भरून ठेवली. मालकीणबाईंनी काळजीनं विचारलं, पाणी जाणार आहे का? इथं नळ जातच नाही, हे आम्हाला कोण सांगणार?

शाळेत शिवलीलाला हे सांगितलं तर ती पोट धरून हसली. पहिलं वर्षभर मीही असंच भरून ठेवायचे म्हणाली, आणि पिशवीतली भाकरी उभ्या उभ्या मोडून खाऊ लागली. मी सहज विचारलं, अप्पा वर्षातून किती चकरा मारतात इकडं?

तिचा घास थांबला. अप्पा एकदाच आले होते, सहा वर्षांपूर्वी, तिला शाळेत हजर करायला. त्याच संध्याकाळी परत. समुद्र त्यांनी पाहिला तो एसटीच्या खिडकीतून, तेवढाच. मी थक्क झालो. म्हणजे तो खडक, ती वाळू, ते जेवण, सगळं जाऊन आलेल्यांच्या तोंडून गोळा केलेलं.

"मला एवढ्या लांब यायचंच नव्हतं," ती म्हणाली. "गाडी सुटताना मी म्हणाले, अप्पा, मला संगं न्या. त्यांनी खिडकी लावून घेतली. आता सुट्टीत मी लातूरला येते, पण निघायच्या दिवशी ते घरातच थांबत नाहीत. मी पुन्हा तेच म्हणेन म्हणून भितात. त्यांना सांगा काका, मी नाही म्हणणार. नुसतं येऊन जा म्हणावं."

लातुरात पाय ठेवला तर अप्पा पारावर हजर. खडक झाला, जेवण झालं, शाळेचे पत्रे गळतात का तेही झालं. मग मी शिवलीलाचा निरोप सांगून टाकला. वाटलं, सुटले बिचारे, खूश होतील.

अप्पांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"न्हाई म्हणणार म्हणली?"

"हो. रुळलीय आता तिकडं."

"कवाच न्हाई?"

घरी येऊन बायकोला सांगितलं, तर ती म्हणाली, असा कसा हो निरोप दिलात.

दुसऱ्या दिवशी सकाळी अप्पाच दारात उभे, हातात पिशवी. स्टँडवर सोडायला चला म्हणाले. लेकीकडच्या गाडीत खिडकीपाशी जाऊन बसले. गाडी हलली तेव्हा खिडकीतून वाकले.

"एकदा तरी संगं न्या म्हण, म्हणतो तिला," ते म्हणाले. "आणायचं न्हाई हो. नुसतं आयकायचं हाय."